भियाडेट

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेला २०१५ साली अधिकृत मोड्यूल मिळाले, म्हणजे एका फाइलीतला कोड दुसरीत वापरायची सोय, आणि आमच्या इंदूरच्या ऑफिसाला कायमचा तंटा.

नियम तसा सोपा. फाइलमधून हवी तेवढी फंक्शनं, म्हणजे ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, नावानिशी बाहेर पाठवा (एक्स्पोर्ट करा). घेणाऱ्याने महिरपी कंसात तेच नाव लिहायचं. ‘डिफॉल्ट’ म्हणून मात्र एकच पाठवता येतं, आणि ते घेताना कंस नको, नावही ज्याच्या त्याच्या मनाचं. रामबागेतल्या आमच्या काकांना घरात अण्णा म्हणतात, गल्लीत भिया (इंदुरी ‘भैया’), सासुरवाडीला जावईबापू; पत्रावरच्या नावाने विचाराल तर शेजारीही नकारार्थी मान हलवतात. तसंच हे.

प्रोजेक्टात तारीख छापणारं एक फंक्शन आहे. लिहिणाऱ्याने त्याला नावच दिलं नव्हतं, डिफॉल्टला बिननावाचंही चालतं. एका फाइलीत ते ‘फॉरमॅटडेट’, दुसरीत ‘डेटफिक्स’, आणि बिलाच्या पानावर चक्क ‘भियाडेट’. ग्राहकाला वर्ष आधी हवं झालं, फंक्शन बदललं, आणि भलत्याच पानांवरच्या तारखा उलट्या झाल्या. ते कोण कोण वापरतं, हे नावाने शोधायची सोय नाही. फाइलच्या नावाने शोधावं, तर फाइल ‘इंडेक्स’. प्रत्येक फोल्डरात एक इंडेक्स! खुद्द फंक्शनलाच विचारलं, बाबा रे, तुझं नाव काय? ते म्हणतं, ‘डिफॉल्ट’.

त्यात नव्या मुलीचा प्रश्न. “भिया, एक्स्पोर्ट डिफॉल्टपुढे फंक्शन चालतं, क्लास चालतो, मग कॉन्स्टने काय घोडं मारलंय?” प्रश्न रास्त होता. कॉन्स्ट म्हणजे न बदलणाऱ्या किमतीला नाव देणं. एका कॉन्स्टमध्ये स्वल्पविराम देऊन चार नावं मांडता येतात. त्यातलं डिफॉल्ट कुठलं धरायचं? म्हणून तिथे सरळ सिंटॅक्स एरर, म्हणजे भाषेच्या व्याकरणाची चूक. कॉन्स्ट आधी लिहायचा, डिफॉल्ट खाली वेगळ्या ओळीत. हे तिच्या गळी उतरेपर्यंत माझ्या पोह्यांवरची शेव जिरावण मसाल्यासकट मऊ पडली.

शेवटी मॅडमनी फर्मान काढलं: डिफॉल्ट बंद. लगेच कुणीतरी म्हणालं, “अहो, रिअ‍ॅक्टच्या लेझीला डिफॉल्टच लागतो.” लेझी म्हणजे पान गरज पडेल तेव्हाच आणायची रिअ‍ॅक्ट या लायब्ररीतली सोय. मग पानांपुरती सूट मिळाली. बाकी सगळीकडे नाव आणि कंस सक्तीचे.

परवा बिलाचं पान उघडलं. महिरपी कंस जागच्या जागी, आत ‘फॉरमॅटडेट’ अगदी शुद्ध, आणि त्याच्यापुढे, नियमात बसणारं टोपणनाव: ‘अ‍ॅज भियाडेट’.