मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, ते पाहावे

रजोनिवृत्तीच्या काळात हात बधिर होण्याचे कारण कॅल्शियमची कमतरता, असे मी वाचलेल्या एका लेखात एका वाक्यात सांगून टाकले आहे, ते मला अपुरे वाटते. माझी पाळी ४९व्या वर्षी थांबली आणि त्याच सुमारास पहाटे उजवा हात इतका बधिर होऊन जाग येऊ लागली की तो पलंगाखाली सोडून चांगला झटकल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नसे. सहा महिने मी कॅल्शियमच्या गोळ्याच घेत राहिले. पुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीला मुंग्या येतात का?" येत नव्हत्या, अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांनाच येत होत्या, आणि मनगटातील नस दबल्याची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची, ती ठळक खूण असते. थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून झाल्यावर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगितले. दीडेक महिन्यात झोप सुधारली. बोटांचा सकाळचा ताठरपणा मात्र अजून आहे, कोमट पाण्यात मुठींची उघडझाप केली की दहा मिनिटांत सुटतो (तोवर कणीक यजमान मळतात, आणि बरी मळतात). हा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल आणि सांधे सुजत असतील, तर वयाकडे बोट न दाखवता आमवाताची तपासणी करून घ्यावी.