मुलांना पैसे मिळाले म्हणून गुरू घरी बसले?

मी ओहायोत राहतो. इथे हंगामातल्या शनिवारी कुणाकडे सत्यनारायण ठेवला, तर पाहुणे आधी सामन्याची वेळ विचारतात. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा मजकूर फिरू लागला यात नवल नाही. मजकूर थोडक्यात असा: २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळू लागले, पोरं पैशामागे कॉलेजं बदलू लागली, आणि ते बघवेना म्हणून निक सेबन यांच्यासारखे दिग्गज प्रशिक्षक वेळेआधीच निवृत्त झाले. पूर्वी हा खेळ पैशापासून दूर होता, गुरू एका जागी आयुष्य काढायचे, आता चांगला माणूस या पेशात यायलाच तयार नाही. खाली गुरुकुलावर दोन ओळी आणि जोडलेले हात. तीन जणांनी तो मला वेगवेगळा पाठवला, म्हणून एकदाच उत्तर देतो.

आधी सेबन. १० जानेवारी २०२४ ला त्यांनी अलाबामा विद्यापीठाचा संघ सोडला, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. बहात्तराव्या वर्षीची निवृत्ती 'वेळेआधी' कशी, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अलाबामात १७ हंगाम, तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्याआधी लुइझियाना स्टेटमध्ये (एलएसयू) एक. शेवटच्या सामन्यात, म्हणजे हंगामअखेरच्या 'बोल' सामन्यांपैकी रोझ बोलमध्ये, मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० अशी हार झाली आणि नऊ दिवसांत त्यांनी निर्णय सांगितला.

पैशाचा मुद्दा साफ खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींसमोर त्यांनीच सांगितलं की पन्नास वर्षं ज्यावर विश्वास ठेवला ते आता उरलं नाही, आणि पत्नी टेरीनेही विचारलं की मुलांना फक्त पैशाचंच पडलं असेल तर आपण हे करतोय कशासाठी? पण त्याच सेबन यांनी वयाचं कारणही तितक्याच मोकळेपणाने दिलं होतं. नवे सहाय्यक आणि खेळाडू विचारत, तुम्ही अजून तीन-पाच वर्षं आहात का, आणि तशी हमी देणं त्यांना जमेना. मजकुरात अर्धंच वाक्य आलंय. आणि 'घरी बसले' म्हणाल, तर पुढच्याच महिन्यात ते टीव्हीच्या समालोचकांत सामील झाले.

मजकुराचा सगळा डोलारा ज्या दाव्यावर उभा आहे तो वेगळाच: लवकर निवृत्ती ही २०२१ नंतरची गोष्ट. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा दावा जुन्या हंगामांची नुसती यादी पाहिली तरी कोसळतो. ओक्लाहोमाला सलग ४७ सामने जिंकून देणारे बड विल्किन्सन जानेवारी १९६४ मध्ये बाजूला झाले आणि सिनेटची निवडणूक लढले. (हरले.) तेव्हा त्यांचं वयही ४७च होतं. नोत्र दामचे आरा पार्सेगियन १९७४ च्या हंगामानंतर ५१ व्या वर्षी थकून थांबले, ते पुन्हा कधीही प्रशिक्षक झाले नाहीत. ओक्लाहोमाचेच बॉब स्टूप्स जून २०१७ मध्ये ५६ व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचे वडील शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि ५४ व्या वर्षी सामना चालू असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. वॉशिंग्टन विद्यापीठाचे ख्रिस पीटरसन २०१९ मध्ये, ५५ व्या वर्षी.

अर्बन मायर यांची कथा तर सगळ्यांत बोलकी. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा फ्लोरिडाचा संघ अलाबामाकडून ३२-१३ हरला आणि काही तासांत छातीत दुखून ते रुग्णालयात पोचले. समोरचे प्रशिक्षक होते सेबनच. महिनाअखेर मायर यांनी राजीनामा जाहीर केला, दुसऱ्या दिवशी तो रजेत बदलला, वर्षभराने खरंच सोडलं. वय ४६. मग ओहायो स्टेटला आले, आम्हाला विजेतेपद मिळवून दिलं, आणि २०१८ च्या हंगामानंतर मेंदूतल्या गाठीमुळे होणाऱ्या डोकेदुखीने पुन्हा थांबले. यांच्यापैकी कुणाच्याही खेळाडूला तेव्हा नियमाने खेळाच्या नावावर एक डॉलर कमावता येत नव्हता.

माणसं खचतात ती कामाच्या रीतीने. सामना शनिवारी असतो, पण आपल्या संघात यावं म्हणून वर्षभर सतरा वर्षांच्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मागे लागायचं असतं, फोन करायचे, घरी जायचं, जेवायचं. ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीने, त्यात भर घातली हे मान्य. सेबन यांच्या शेवटच्या हंगामात पोर्टल डिसेंबरातच उघडलं, नव्या मुलांच्या सह्या डिसेंबरातच, बोल सामन्यांचा सराव डिसेंबरातच. मजकूर लिहिणाऱ्याने या वेळापत्रकावर लिहिलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

आता निष्ठा. पूर्वीचा नियम असा होता की कॉलेज बदललं तर खेळाडूने एक वर्ष बाहेर बसायचं. प्रशिक्षकाला असा नियम कधीच नव्हता. खुद्द सेबन मिशिगन स्टेटचा बोल सामना बाकी असताना एलएसयूला गेले, तिथून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या मायामी संघात, आणि डिसेंबर २००६ मध्ये 'मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही' असं पत्रकारांना ठणकावून सांगून दोन आठवड्यांत अलाबामाचे प्रशिक्षक झाले. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस लेन किफिन यांनी प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, तोंडावर ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयू गाठलं. पोरं उपांत्य फेरीपर्यंत गेली, गुरूंशिवाय. एकोणीस वर्षांच्या मुलाने हेच केलं की तो लोभी, आणि साहेबांनी केलं की 'नवं आव्हान'!

बरेच बदल तर निवृत्तीचे नसतातच, हकालपट्टीचे असतात. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं ते सुमारे साडेसात कोटी डॉलर देण्याचं कबूल करून. म्हणजे काम न करण्याचे. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेट, फ्लोरिडा आणि एलएसयू अशा तीन बड्या ठिकाणचे प्रशिक्षक एका महिन्यात गेले. त्यातल्या एकानेही पोरांच्या पैशाला कंटाळून राजीनामा दिला नव्हता.

'पूर्वी हा खेळ पैशापासून दूर होता' यावर एक वाक्य पुरे: खेळाडूंना गुपचूप पैसे दिले म्हणून १९८७ मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगामच रद्द झाला होता.

राहिलं 'कुणी यायला तयार नाही'. बिल बेलिचिक यांनी एनएफएलमध्ये आयुष्य घालवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची नोकरी धरली, वय ७२. सेबन ज्या वयात गेले, त्याच वयात हे आले. काइल व्हिटिंगहॅम डिसेंबर २०२५ मध्ये ६६ व्या वर्षी युटामधून पायउतार झाले आणि दोन आठवड्यांत मिशिगनचे प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. आणि कर्ट सिग्नेटी, एकेकाळचे सेबन यांचेच सहाय्यक, याच पोर्टलमधून गोळा केलेल्या मुलांना घेऊन इंडियानासारख्या कायम हरणाऱ्या संघाला हंगामातले सगळे १६ सामने जिंकून देऊन राष्ट्रीय विजेते बनवून बसले.

खरं तर मजकुराला एक चांगलं उदाहरण मिळालं असतं, ते सुटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिप केली कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून ओहायो स्टेटला दुय्यम जागेवर आले. इथले मुख्य प्रशिक्षक रायन डे न्यू हॅम्पशरला खेळत असताना केलीच त्यांना शिकवत होते. गुरू शिष्याच्या हाताखाली आले, जानेवारी २०२५ मध्ये दोघांनी मिळून विजेतेपद घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात गुरुजी एनएफएलला निघून गेले.