सुट्ट्या फार आहेत म्हणे!

"आपल्या देशात सुट्ट्याच फार!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दर वर्षी सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी आली की सोसायटीच्या ग्रुपवर, टीव्हीवर, लग्नाच्या पंगतीत एकच रड सुरू होते. इतक्या सुट्ट्या, वर शनिवार-रविवार, मग देश पुढे जाणार कसा? अहो, पण मिळतात कुणाला या सुट्ट्या? मला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नाही. गेटवरच्या वॉचमनकाकांना नाही, औषधाच्या दुकानातल्या पोराला नाही, साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना तर नाहीच नाही.

ती यादी निघते १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली. म्हणजे चेक, हुंड्या, वचनचिठ्ठ्या यांच्या कायद्याखाली. त्या दिवशी बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, बहुतेक शाळा बंद. खासगी नोकरी करणाऱ्याला त्या यादीतून एक दिवसही आपोआप मिळत नाही. पेपरात मात्र मथळा येतो, राज्याला इतक्या सुट्ट्या. राज्यात आम्ही धरलेलो नाही का?

मी भोसरीत एका वितरकाकडे अकाउंट्स सांभाळते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, एमआयडीसीबरोबर. आता २०२५ चं कॅलेंडर काढून बघा. महावीर जयंती गुरुवारी. १ मे गुरुवारी. २ ऑक्टोबर गुरुवारी, आणि दसराही त्याच दिवशी. सगळं आमच्या साप्ताहिक सुट्टीत गडप! बदली सुट्टी मागितली तर उत्तर तयार : "सुट्टी मिळालीच ना?" आणि दिवाळीत काय केलं? लक्ष्मीपूजन मंगळवारी होतं, ती सुट्टी दिली आणि बदल्यात गुरुवार भरायला लावला. तो गुरुवार म्हणजे २३ ऑक्टोबर, भाऊबीज. सरकारी कचेऱ्यांना त्या दिवशी सुट्टी होती. माझा भाऊ साताऱ्याहून येऊन घरी बसला आणि मी ऑफिसात व्हाउचर लावत होते. त्याला ओवाळायला रात्रीचे नऊ वाजले. मला याचा आजही राग येतो आणि तो गिळायची माझी अजिबात तयारी नाही.

सार्वजनिक सुट्टी इतर वारी आली की काय होतं ते ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना विचारा. शाळा बंद, पाळणाघर बंद, आईला ऑफिस. सासूबाईंचे गुडघे दुखत असतात, तरी दिवसभर त्यांनीच पोरीच्या मागे धावायचं. बरं, ऑफिसात येऊन तरी काय? बँक बंद म्हणजे चेक भरता येत नाही, पार्टीचा माणूस फोन उचलत नाही. तरी हजेरी लागलीच पाहिजे. रजा टाकली तर सँडविचचा नियम! बुधवारी आणि शुक्रवारी रजा घेतली की मधला गुरुवारही रजेतच कापणार. स्वतःचा हक्काचा आठवडी दिवस विकत घ्यायचा?

आमच्याकडे एक मुस्लिम सहकारी आहे. रमजान ईद चंद्रदर्शनावर ठरते, आदल्या रात्रीपर्यंत नक्की दिवस कळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याने अर्ज आठ दिवस आधी द्यायचा आणि दिवस एक सरकला की "तुमचं काही नक्की नसतं" हे ऐकून घ्यायचं. दुसरा एक जण दर वर्षी १४ एप्रिलला स्वतःची रजा घालवतो. बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत आहे, पण आमच्या ऑफिसच्या यादीत नाही. मुळात ऑफिसची यादीच नाही. मालकाच्या मनात येईल तो सण.

आणि हे सगळं कायद्यात बसत नाही, हे कळल्यापासून तर मला शांत बसवत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या लिहिलेल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि वर चार सणांच्या. त्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायचं. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी. इतकं स्पष्ट आहे! मग इतक्या वर्षांत आम्हाला कुणी विचारलं का नाही? मतदानाच्या दिवसाचंही तेच. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदारांना भरपगारी सुट्टी आहे, आमच्याकडे "दोन तासांत मत देऊन या" असं सांगितलं गेलं. ही सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त पाचशे रुपये. पाचशे! एवढ्यात कोण घाबरणार?

सरकारी नोकरांवर माझा राग नाही. त्यांना मिळतं ते त्यांच्या संघटनांनी भांडून मिळवलेलं आहे. माझा राग आहे तो त्यांच्या यादीकडे बोट दाखवून आमच्यावर आळशीपणाचा शिक्का मारणाऱ्यांवर, आणि कायदा ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्या मालकांवर.

या डिसेंबरात आम्ही चार सुट्ट्या लेखी मागणार आहोत. लक्ष्मीपूजन, भाऊबीज, रमजान ईद आणि १४ एप्रिल. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि अर्जावर सगळ्यांच्या सह्या असतील.