वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकणारे

सर्वांना सलाम.

उत्तम शुक्रवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंनी गुलाबाच्या फुलांचं चित्र टाकलं. वर लिहिलेलं, 'हॅपी गुड फ्रायडे'. त्याखाली पाच-सहा अंगठे आणि लगेच पुढचा मेसेज पाण्याच्या टँकरचा. काकूंचा मला राग आला नाही. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी याच काकू आठ दिवस आमच्याकडे डबा पोचवत होत्या. पण बारा वाजताच्या, येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांच्या उपासनेसाठी मी पांढरी साडी नेसत होते, आणि एकदम पोटात काहीतरी तुटलं. सव्वाशे घरांच्या या सोसायटीत आज काय घडलं होतं हे कुणाला ठाऊक नाही, आणि विचारावंसंही कुणाला वाटत नाही. ऐरोलीला माझ्या ऑफिसात तर त्या दिवसाची ओळख 'लाँग वीकेंड' एवढीच. अलिबागचं बुकिंग झालं का, हा प्रश्न.

हे बाहेरचं झालं. ते मी सोसलं असतं. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. लहानपणी त्याला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं, नाताळच्या नाटकात तो दर वर्षी मेंढपाळ व्हायचा. दोन वर्षांपूर्वी उपासनेला यायचा थांबला. मी खूप बोलले, रडले. तो शांतपणे म्हणाला, "आई, माझं देवाशी भांडण नाही गं. मला त्याची गरज वाटत नाही, एवढंच."

भांडण असतं तर मला धीर आला असता, खरं सांगते. मी नगरकडची. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आमच्या घरात टाळावर म्हटली जायची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला! सगेसोयरे तुटले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांनीही तोच प्रभू स्वीकारला. देव हा प्रश्न तेव्हा लोकांच्या जिवाशी भिडलेला होता. विरोध करणाऱ्यालाही तो टाळता येत नव्हता. आज कुणी दार आपटत नाही. सगळे हसून बाजूने निघून जातात.

त्या शुक्रवारी मी असं घुश्श्यातच बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी पहिला उद्गार वाचला: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." आणि ते तिथेच न थांबता पुढे वाचत गेले. वयाच्या आठव्या वर्षापासून मी हे वचन ऐकतेय, पण लूकच्या शुभवर्तमानात, २३:३४ मध्ये त्या प्रार्थनेला लागूनच, त्याच वचनात, कपडे वाटून घेण्यासाठी शिपाई चिठ्ठ्या टाकतात, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या शिपायांचं येशूशी काय वैर होतं? काही नाही. ड्यूटी होती, उन्हात उभं राहायचं होतं, एक बरा अंगरखा मिळत होता. वर जगाचा तारणारा प्राण सोडतोय आणि खाली ते मान वर करून बघतही नाहीत. आज मला जे टोचतं ते थेट वधस्तंभाच्या पायथ्याशी होतं. आणि ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांच्यासाठी तो बापाकडे मागत होता. मी मात्र दोन वर्षं लोकांवर आणि पोटच्या पोरावर रुसून बसले होते, आणि त्यालाच श्रद्धा समजत होते.

संध्याकाळी परत येताना तलावपाळीवर उतरले. पाणीपुरीच्या गाड्या, फुगेवाले, नेहमीची गर्दी. याच ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये संत फ्रान्सिसच्या संघातले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू विश्वासासाठी मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस तेव्हा बाहेरगावी होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन पुरले. तो पळून जाऊ शकला असता, पण या मुलखात एकटाच राहिला, लोकांत काम करत. १३२९ साली तो केरळातल्या कोल्लमचा बिशप झाला, पण मला त्याची मधली वर्षं आठवत राहतात. सोबत गाणारं कुणी नाही, आपल्या भाषेत 'आमेन' म्हणणारं कुणी नाही. आम्ही तर रविवारी साठ-सत्तर जण असतो. पेटी आहे, टाळ आहेत, प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकणारं माणूस आहे. आपल्या मंडळीतल्या कुरबुरींना कंटाळून घरी बसून यूट्यूबवर उपासना ऐकणाऱ्या माझ्या बहिणींना मी हे कळकळीनं सांगते. ऐन थंडीत निखारा चुलीबाहेर काढून ठेवू नका.

आता सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये मी रोज एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना करते. मेथी निवडणारी, फोनवर सासूशी बोलणारी, खिडकीला डोकं टेकून झोपलेली. नाव ठाऊक नसेल तर 'निळ्या ओढणीवाली' म्हणते. प्रभूला कळतं. काकूंसाठी करते, त्यांच्या गुडघ्यांसाठी. कुणाला सांगत नाही.

मुलाला उपासनेला चल म्हणणं मी सोडलंय. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्याचं नाव मात्र मोठ्यानं घेते, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या. परवा पाणी प्यायला बाहेर आला आणि म्हणाला, "माझ्यासाठी रोज काय मागतेस गं?"

मी सांगितलं. त्यानं उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं, पेला विसळून ठेवला आणि झोपायला गेला.