सीताफळ विसरले म्हणे! (पॉपॉच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

(वय तुम्हीच लिहिलंय, 67, म्हणून काका म्हणतेय. राग मानू नका, तसाही तो आलेलाच दिसतोय.)

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका बीडचे, सध्या सिनसिनाटीला मुलाकडे आलेत. पॉपॉ या अमेरिकेतल्या, सीताफळाच्या कुळातल्या फळावरचा माझा लेख वाचून त्यांनी फार्मर्स मार्केटमधून पॉपॉ आणले, ते फ्रीजमध्ये पाच-सहा दिवसांत काळे पडले, बासुंदी बिघडली, आंबापोळीसारखी पॉपॉची पोळी वाळवली ती खाऊन मुलाला रात्रभर उलट्या झाल्या, आणि सगळ्यात शेवटी, "आमच्या बालाघाटच्या सीताफळाची याला सर नाही, लेखिका अमेरिकेत जाऊन सीताफळाची चव विसरलेली दिसते!!!" तीन उद्गारचिन्हं. मोजली मी.

काका, माझं आजोळ सासवडजवळचं. पुरंदरची सीताफळं तुम्हाला ठाऊक असतीलच, का बीडच्या बाहेर सीताफळ पिकतच नाही? बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय हे मलाही माहितीये, अभिनंदन, पण म्हणून बाकीच्यांनी काय चिकूवर दिवस काढले का. आजोबांची माळावर चाळीसेक झाडं होती. डोळे उघडलेलं फळ तेवढं काढायचं, मिटल्या डोळ्याचं काढलं की मार, मग घरी अढी लावायची आणि रोज संध्याकाळी हात घालून चाचपून बघायचं, हे सगळं मी फ्रॉकात असल्यापासून केलंय. आजी त्याच फळांच्या बिया वाटून उवांवर लावायची आणि डोळ्याला हात लावू नका गं म्हणून आख्खी दुपार ओरडत बसायची. आणि तुम्ही मला सांगताय मी चव विसरले.

उलट ती चव आठवते म्हणूनच मला पॉपॉ कळला. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी कोलंबसजवळ एका ओढ्याकाठी फिरताना, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीवर हिरवट-पिवळी, हातात मावतील अशी फळं पडलेली दिसली. नवरा म्हणाला हात नको लावूस. मी उचलून वास घेतला आणि तिथेच उभी राहिले, कारण तो वास अर्धा आजोळच्या अढीतला होता, अर्धा केळ्याचा, मागून थोडा आंबा. घरी येऊन शोधल्यावर कळलं की हे सीताफळाच्याच कुळातलं, फक्त बर्फात तग धरणारं. म्हणजे नाकाने मला आधी सांगितलं, गूगलने नंतर. हे विसरलेल्या माणसाचं लक्षण असतं का?

आणि 'सर नाही' म्हणजे काय? मी कुठे म्हटलं सर आहे? सीताफळाचा गर रवाळ, बीगणिक पाकळी सुटते. पॉपॉचा गर सलग, कस्टर्डसारखा, बिया मोठ्या, चपट्या, तपकिरी, दोन ओळींत, आणि प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पिशवी. तो चमच्याने खायचा. दोन भावंडं आहेत ती, एकाचं कौतुक केलं की दुसऱ्याला दृष्ट लागते असं काही नाही. इथल्या लोकांना या फळाचं किती कौतुक आहे बघा, ओहायोतल्या ऑल्बनीजवळ लेक स्नोडनला 1999 पासून सप्टेंबरात पॉपॉचा उत्सव भरतो, 2009 मध्ये ओहायोने याला राज्याचं देशी फळ केलं. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला गेलेल्या लुईस आणि क्लार्कची माणसं 1806 मध्ये परत येताना शिधा संपल्यावर यावर जगली होती. त्यांनी नाही कुठे तक्रार टाकली की बालाघाटसारखं नाही म्हणून!

असो. आता एक चूक मान्य करते, मी काही आडमुठी नाही. लेखात एका जागी 'पपईच्या कुळातलं' असं पडलं होतं, ते साफ चूक. ऑस्ट्रेलियात पपईला पॉपॉ म्हणतात, त्यातून माझा घोळ झाला. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

फ्रीजचं म्हणाल तर चौथा परिच्छेद परत वाचा. फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकतं असं लिहिलंय ते अंगठ्याने दाबल्यावर जरासंच दबणाऱ्या फळासाठी, ते फ्रीजमधून काढून नंतर बाहेर पिकवायचं. पिकलेलं मऊ फळ बाहेर दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये फार तर आठवडा. तुम्ही 'मस्त पिवळी, काळे ठिपके असलेली' निवडून आणली असं स्वतःच लिहिलंय, म्हणजे ती आणली तेव्हाच पिकलेली होती. रंगावर जायचंच नाही, काही जाती पिकूनही हिरव्याच राहतात. दाबायचं आणि वास घ्यायचा. दगडासारखं कडक मात्र घेऊ नका, ते अढी काय, देव्हाऱ्यात ठेवलं तरी पिकत नाही. आणि जास्त आणलीत तर गर काढून डब्यात भरून फ्रीजरमध्ये, वर्षभर चिंता नाही. गर हाताने चाळणीवर घासून काढायचा, पुरणयंत्रात नाही, बी चिरडली तर संपलं. बी आणि साल पोटात जाऊ द्यायची नाही.

बासुंदी: गर घालून उकळलीत ना? झालं तर मग. आटवून पूर्ण गार झाल्यावर गर ढवळायचा, नाहीतर वास उडतो आणि चव उतरते. मी 'शेवटी घाला' लिहिलं होतं, 'पूर्ण गार झाल्यावर' लिहायला हवं होतं का? बहुतेक हो. पण सीताफळ बासुंदी केलेल्या माणसाला हे सांगावं लागेल असं वाटलं नाही.

पोळीबद्दल, मुलाला त्रास झाला ते वाचून वाईट वाटलं, आता बरा असेलच. वाळवलेला पॉपॉ खाऊन पोट बिघडल्याच्या तक्रारी इथेही येतात, हे मला माहीत होतं, लेखात टाकायचं राहिलं. आता मी ती कृतीच काढून टाकलीय आणि वर ठळक अक्षरात लिहिलंय की वाळवू नका आणि पहिल्यांदा खाताना चमचाभरच खाऊन बघा. झालं समाधान? हीच गोष्ट तुम्ही पहिल्या ओळीत साधेपणाने लिहिली असती तर बरं झालं असतं, ती उद्गारचिन्हांच्या ढिगाखाली शोधावी लागली मला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बिया बीडला नेऊन लावल्या तर येईल का. नाही येणार. ही बी सुकू द्यायची नसते, ओलसर ठेवून तीन-चार महिने फ्रीजच्या थंडीत ठेवल्याशिवाय उगवत नाही, आणि झाडालाही दर वर्षी कडक हिवाळा लागतो. शिवाय विमानतळावर बिया काढून घेतील ते वेगळंच. बीडला सीताफळच लावा.