सात दिवस, शून्य नवे पक्षी

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी खाली फोटो शोधत जाणार नाही. फोटो नाहीत. फेअर आयलवर सात दिवस काढले आणि आजवर पाहिलेल्या पक्ष्यांच्या माझ्या यादीत एकाचीही भर पडली नाही.

हे बेट स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांच्या मधोमध. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, वस्ती पन्नासेक माणसांची. शेटलंडहून बोटीने अडीच तास लागतात (त्यातले दोन मी डोळे मिटून, कठडा धरून काढले). बाकीच्या जगाला हे नाव स्वेटरच्या नक्षीमुळे माहीत. पक्षीवाल्यांना मात्र ते सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या स्थलांतरामुळे माहीत. १९४८ पासून इथे पक्षी-वेधशाळा आहे. २०१९ मध्ये ती इमारत जळाली, तरी लोकांनी ती पुन्हा उभी केली. इतकं वेड आहे.

सगळा खेळ वाऱ्याचा. नॉर्वे-स्वीडनकडून रात्री निघालेले पक्षी दक्षिणेची वाट धरतात. त्यात आग्नेयेचा वारा सुटला आणि ढग-पाऊस आला की ते समुद्रावर भरकटतात आणि पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात. मग पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट तुमच्या बुटाशेजारी किडे टिपत फिरतो. माणसाला घाबरण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलेलं नसतं. आम्ही उतरलो तेव्हा वारा पश्चिमेचा होता, निघालो तेव्हाही पश्चिमेचाच.

रात्री जेवणानंतर वेधशाळेत ‘लॉग’ होतो. एकेक पक्ष्याचं नाव वाचायचं आणि ज्याला जितके दिसले त्याने तितका आकडा सांगायचा. शाळेतल्या हजेरीसारखंच. रॉक पिपिट, ट्वाइट, हूडेड क्रो इथपर्यंत आकडे यायचे. यलो-ब्राउड वॉर्बलर? गप्प. रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर? कुणीतरी कपात चमचा फिरवतंय, तेवढाच आवाज. चौथ्या रात्री वाचणाऱ्यानेच दुर्मिळ नावं भराभर उरकली. आम्हाला ते फार बरं वाटलं.

गंमत बघा. तिथे ज्या ब्लिथ्स रीड वॉर्बलरसाठी माणसं हातातला डबा टाकून धावतात, तो भारतात हिवाळाभर झुडपाझुडपात ‘टक टक’ करत असतो. हसू नका, तिथे निघाला असता तर मीही धावले असते.

“मागच्या आठवड्यात यायला हवं होतं!” हे वाक्य मी चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. चौघांचाही राग आला. पण खरा राग आहे तो आपल्यावर, म्हणजे आपण सगळे पक्षीवाले इंटरनेटवर जे टाकतो त्यावर. पूर्वेच्या वाऱ्याचे ते दोन दिवस आपण पन्नास फोटोंसह मांडतो आणि पश्चिमेचे दहा दिवस गिळून टाकतो. मीही हेच केलंय. मग वाचणाऱ्याला वाटतं, शरद ऋतूत बेटावर पाय ठेवला की सायबेरियातले दुर्मिळ पक्षी अंगावर येतात. तो बिचारा रजा घालवतो, बोट लागून घेतो आणि आठवडाभर ओल्या गवतातून ट्वाइट मोजतो. आणि पूर्वेचा वारा मागायचा म्हणजे तरी काय? काही ग्रॅमच्या जिवाने रस्ता चुकावा, असंच ना? त्यातले बरेच किनाऱ्याला पोहोचतच नाहीत. हे कळूनही मी रोज पहाटे उठून आधी हवामानाचा नकाशा उघडत होते.

शेवटच्या दिवशी बोटीची वाट बघत एका घळीच्या तोंडाशी बसले होते. खाली शेवाळलेल्या दगडांत एक रेन, म्हणजे एक इवलासा पक्षी, शिरत होता, बाहेर येत होता. शेपटी उभी, चोचीत काहीतरी लटकतंय. फेअर आयलचा रेन ही वेगळी उपजात आहे, जगात फक्त या बेटावर असते, आणि त्याही मोजक्या जोड्या. तो मला आठवडाभर जवळजवळ रोज दिसला होता. यादीत ‘रेन’ या नावापुढे कित्येक वर्षांपूर्वीचीच खूण होती, म्हणून मी त्याच्याकडे दुर्बीणही नीट वळवली नव्हती.

तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. “काय गं, मिळालं का काही?”

“छे,” म्हटलं, “काहीच नाही.”