‘पाइपात कोंबलेला फिश-फाइंडर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती आणि मुद्द्याला धरून होती, म्हणून दोन ओळींत न उरकता सवडीने लिहितोय. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: घरी बनवलेल्या साइड-स्कॅन सोनारने (होडीच्या बाजूला आवाज सोडून, प्रतिध्वनींवरून तळाचं चित्र काढणारं यंत्र) उजनी धरणाच्या फुगवट्यात काढलेली तळाची चित्रं मी टाकली होती. तुम्ही बंदर-सर्वेक्षणात उमेदीची वर्षं घालवलेली. तुमचं म्हणणं असं: हा साइड-स्कॅन नव्हे, पाइपात कोंबलेला फिश-फाइंडर (होडीखालची खोली आणि मासे दाखवणारं साधं यंत्र) आहे; चित्रातला ‘जुना दगडी बांध’ मला दिसावासा वाटला म्हणून दिसला; आणि तयार यंत्र बाजारात मिळत असताना ही नसती उठाठेव कशाला?

पहिल्या आक्षेपाचा निकाल गणितच लावतं. 200 किलोहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी साधारण साडेसात मिलिमीटर. फिश-फाइंडरची चकती दोन इंची धरली, तर तिचा झोत नऊ-दहा अंश फाकतो. 30 मीटरवर पाचेक मीटरचा तळ एकाच ठिपक्यात गोळा होतो. ती चकती आडवी वळवून काही साधत नाही, हे अगदी खरं. पण माझ्या पाइपात चकती नाही. पिझोच्या (वीज दिली की थरथरून आवाज काढणाऱ्या) पट्ट्या एका ओळीत बसवून, समांतर जोडून, 38 सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद अशी काठी केली आहे. तिचा झोत होडीच्या दिशेने एक अंशाचा आणि उभ्या दिशेने चाळीसेक अंशांचा. 30 मीटरवर एक अंश म्हणजे अर्धा मीटर. वीसेक मीटरच्या आत झोत काठीच्या लांबीपेक्षा फारसा बारीक होत नाही, त्यामुळे जवळची वस्तूही त्याहून रेखीव दिसत नाही. ढोबळ आहे, पण जात साइड-स्कॅनचीच. (खरा छळ सर्किटने नव्हे, पट्ट्यांवर ओतायच्या इपॉक्सीने मांडला. पट्टीच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा राहिला की तेवढा तुकडा मुका.)

आता बांध. माझ्या मते तुमचा हाच आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण सोनारच्या चित्रात हवं ते बघायची खोड प्रत्येकाला लागते. म्हणून मी उजळ रेषेवर फारसा विसंबलोच नाही. उजळ रेषा दगडांची असेल, कडक मातीच्या कडेची असेल, नाहीतर गेन (प्रतिध्वनी किती मोठा करून दाखवायचा ते प्रमाण) वाढवल्यामुळे वर आलेली असेल. मी पाहिली ती रेषेमागची सावली. तळावर उभ्या असलेल्या वस्तूमागे आवाज पोचत नाही, तिथून परत काही येत नाही, चित्रात काळा पट्टा उरतो. त्या पट्ट्याची लांबी, गुणिले काठीची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर, की वस्तूची उंची मिळते. माझी काठी तळापासून 6 मीटरवर होती, सावली 4 मीटरची आणि तिचं टोक 24 मीटरवर. म्हणजे मीटरभर उंचीचं काहीतरी सरळ ओळीत उभं आहे.

एवढ्यावरही तुम्ही ‘योगायोग’ म्हणू शकला असतात. म्हणून त्याच जागेवरून उलट बाजूने होडी नेली. तळावरच्या मऊ गाळाचा डाग असता तर काळा पट्टा होता तिथेच राहिला असता. तो पलीकडे पडला, आणि नव्या अंतरांवरून काढलेली उंचीही मीटरच्या आसपासच आली. आमचे होडीवाले मामा मात्र या हिशेबाने जराही प्रभावित झाले नाहीत. तिथे जाळं अडकतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

आणि उजनीत एक सोय आहे, जी तुम्हाला बंदरात कधी मिळाली नसेल: उन्हाळ्यात तळ स्वतःच वर येतो. 2024 ला धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की उघडं पडतं, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. बांधाची जागा जीपीएसवर नोंदलेली आहे. पाणी तिथवर उतरलं की मी टेप घेऊन जाणार आहे, आणि आकडा चुकला तरी इथेच छापेन. सोनार खूण दाखवतो, शाबीत नंतर करावं लागतं. ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या इंग्लिश युद्धनौकेचंच बघा. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी 1967 मध्ये सोनारने तिची जागा टिपली, पण सांगाड्याची लाकडं पाणबुड्यांच्या नजरेला पडायला 1971 उजाडलं. (एजर्टन मुळात फ्लॅश-फोटोग्राफीतला माणूस. सोनारकडे वळला म्हणून त्याला उठाठेव्या कुणी म्हटलं असेल का, कोण जाणे.)

होडी डुलली की चित्र बिघडतं, हा मुद्दा मात्र निर्विवाद तुमचा. नाक दोन अंश फिरलं तरी 40 मीटरवर ठिपका 1.4 मीटर सरकतो, आणि माझ्याकडे मोशन सेन्सर नाही. काठी ओढत नेत नाही, होडीच्या कडेला घट्ट बांधतो. वारा पडलेला असेल तेव्हाच निघतो. तरी चित्राच्या उजव्या भागात रेषा नागमोडी झाल्या आहेतच. तो भाग मोजमापाला वापरलेला नाही.

तयार यंत्राबद्दल वाद नाही. तळाचा नकाशाच हवा असेल त्याने ते घ्यावं. चित्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येईल. हमिनबर्ड कंपनीच्या सोनारची रेकॉर्डिंग उघडून नकाशा करणारं ‘पिंगमॅपर’ हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. मला मात्र ‘हा काळा पट्टा सावलीचा की फिल्टरचा?’ याचं उत्तर स्वतः शोधायचं होतं. आतली प्रत्येक पायरी मीच लिहिलेली असल्यामुळे गेन बंद करून तोच पिंग (एकदा सोडलेल्या आवाजाची नोंद) पुन्हा पाहता येतो. तुम्ही मागितलेली कच्ची फाइल, गेनच्या तक्त्यासकट, येत्या आठवड्यात लेखाला जोडतो.

एक विचारायचं आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्यात चाचणी घेतली, तेव्हा पृष्ठभागावरून उलटून येणारा आवाज तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून सगळा चिखल झाला. उथळ बंदरात तुम्ही हे कसं निस्तरायचात? काठी आणखी खाली झुकवून, तिच्यावर आडोसा लावून, की पल्ला कमी ठेवून? दुसऱ्या बाजूची काठी ओतायच्या आधी हे कळलं तर बरं होईल, कारण इपॉक्सी एकदा बसलं की कोन बदलता येत नाही.